रुमालाखालचं बोट

मी रुमाल बोलतोय. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात अकरा वर्षं ज्याच्याखाली बैलांचे सौदे ठरले, तो मी. माझ्या चारही टोकांची शपथ घेऊन सांगतो, आता जे ऐकाल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

तशी टोकं माझी साडेतीनच आहेत. एक टोक एका कालवडीनं चघळून खाल्लं. तेव्हा शपथही साडेतीन टोकांचीच धरा. आणि ज्याचा सगळा जन्म दोन माणसांच्या मनातलं झाकण्यात गेला, त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, हे तुमचं तुम्ही बघा. मी मात्र आयुष्यात कधी खोटं बोललो नाही. बोललो असेन, तर शेवटी सांगेन.

माझा जन्म हातमागावर झाला, असं मी चारचौघांत सांगतो. झाला यंत्रमागावर. तासाभरात माझ्यासारखे पाचपन्नास भाऊ बाहेर पडले, सगळे पांढरे आणि सगळ्यांचे काठ लाल. नगरच्या कापड बाजारात कानिफनाथ आबांनी आमच्यातल्या एकाला उचललं, उजेडाकडे धरलं आणि नाक मुरडलं.

"लई पातळ हाय. आतली बोटं दिसत्याल."

"डोक्यालाच बांधायचाय ना?" दुकानदार म्हणाला.

"डोकं झाकायला टोपी हाय माझी. मला बोटं झाकायचीत."

मग त्यांनी जरा जाडसर बघून घेतला, तो मी.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. कानिफनाथ आबा दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्या मधला माणूस. भाव तोंडानं बोलायचा नाही, ही तिथली रीत. दोघांचे हात माझ्याखाली जातात आणि बोटं बोलू लागतात. एक बोट दाबलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. वर तोंडं ओरडत असतात, "न्हाई जमत मालक, जावा घरी!" आणि खाली बोटांनी केव्हाच जमवलेलं असतं. माणसाच्या तोंडाला लोकांची लाज असते, बोटांना माझा आडोसा असतो. म्हणून खरं काय ते बोटंच बोलतात. आणि माझ्याखाली ठरलेला सौदा मोडत नाही. मोडणाऱ्याला पुढच्या बाजारी कुणी हात देत नाही.

पण दलालाचा आणखी एक धर्म असतो. जनावराची खोड सांगायची नाही. आबांनी एकदा एक बैल विकला, तो जुवाखाली घातला की फतकल मारून बसायचा. घेणाऱ्यानं विचारलं, "स्वभावाला कसा हाय?" आबा म्हणाले, "लई शांत. बसल्या जागी चित्त रमतं त्याचं." तो माणूस पुढच्या बाजारी भांडायला आला, तर आबांनी मला खांद्यावर झटकलं आणि म्हणाले, "माल धन्याचा, आमी मधले. मधल्याला कसला दोष?"

या एका वाक्यावर आबांनी चाळीस वर्षं काढली. आणि याच वाक्यानं त्यांचा नातू गोत्यात आला.

पार्थ त्याचं नाव. वय सोळा, अकरावीत. आईबाप चाकणला कंपनीत, म्हणून पोरगं आबा आणि बनुबाई आजीपाशी. मला गळ्यात अडकवून बाजारभर मिरवायची त्याला हौस. आबाही द्यायचे. पुढं धंदा त्यानंच बघावा, अशी त्यांची मनातली गोष्ट.

बाजाराच्या मागच्या अंगाला गाडीत जनावरं चढवायचा धक्का आहे, दगडी. त्याच्या आडोशाला तीन-चार पोरं बसायची. पार्थ आधी नुसता बसायला गेला. मग एक झुरका. मग बाजाराच्या दिवशी, मग बाजार नसला तरी. गांजाची पुडी ठेवायला खिसा नको, आजी खिसे तपासते. म्हणून ती माझ्या टोकाला, गाठ मारून.

मला वास येत होता. पण सांगणार कसा? रुमालाला तोंड असतं का? (आत्ता काय करतोयस मग, असं कृपा करून विचारू नका.)

बनुबाईंनी मात्र ओळखलं. "अवो, पोरगं जेवतंय दोघांचं न् बोलतंय अर्ध्याचं. डोळं बघा की त्याचं."

"वय हाय त्ये," आबा म्हणाले. चाळीस वर्षं दुसऱ्याला खोड न सांगणारा माणूस शेवटी स्वतःलाही सांगत नाही.

एका बाजारी दुपारी हवालदार रामहरी धक्क्यावर आले. तिघं पळाले. पार्थही पळाला असता, पण थांबला. का थांबला, ते मला विचारू नका. रामहरींनी माझी गाठ सोडली, पुडी काढली आणि लिहायला बसले. पुडी एक. मोबाईल एक. "रुमाल एक, पांढरा, जुना, मळकट, किंमत निरंक."

निरंक! लाखांचे सौदे पोटाखाली घेणाऱ्याला निरंक! मग त्यांनी ती ओळ खोडून टाकली आणि मला परत पोराच्या खांद्यावर फेकलं. "ह्येच्यासाठी अजून एक पिशवी सील कोन करनार?" मुद्देमालात जायचा मान माझा असा हुकला.

आबांनी सही करून पोराला घरी आणलं. नगरला बाल न्याय मंडळापुढे तारीख पडली. तोवर बाजारात सल्ल्यांना ऊत आला.

"म्हैनाभर आत ऱ्हाऊ द्या, आबा. सरळ हुतंय."

"ऊसतोडीला धाडा. कोयता धरला का सगळी नशा उतरती."

आबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "गोऱ्हा कोंडवाड्यात टाकला का नीट हून येतो व्हय? तिथल्या धा जनावरांच्या धा खोडी शिकून येतो." त्यांना एकच धास्ती होती. हे पोर आत गेलं, तर अकरावी गेली, नाव गेलं, आणि बाहेर येईल तो पार्थ असेल की दुसराच कुणी?

तारखेला सकाळच्या एसटीनं निघालो. आबांनी खिडकीची जागा धरली, पार्थचा हात ओढून माझ्याखाली घेतला आणि हळूच धडा सुरू केला.

"मंडळाच्या मॅडमनी इचारलं, तू वढतोस का, तर काय म्हनायचं?"

"न्हाई म्हनायचं."

"मंग पुडी कुनाची?"

"दुसऱ्याची. मी फकस्त पोचवीत हुतो."

"शाब्बास. माल धन्याचा, आपन मधले."

पार्थ म्हणाला, "पन आबा, मी वढतो."

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. "खोड कुनी आपल्या तोंडानं सांगतं व्हय?"

त्याच वेळी पार्थचं बोट माझ्याखाली आबांच्या तळव्यात रुतलं होतं. बुडणारा माणूस धरतो, तसं. आबांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, पोरानं सौदा मान्य केला.

मंडळाची खोली बघून आबांचा हिरमोड झाला. ना पिंजरा, ना काळा कोट घातलेली गर्दी. एक लांब टेबल, मध्ये दिशा मॅडम मॅजिस्ट्रेट, एका बाजूला सदस्य वैजनाथ सर, दुसऱ्या बाजूला एक बाई. वैजनाथ सर पूर्वी शाळेत हेडमास्तर होते, त्यामुळे अजूनही सगळ्यांकडे वर्गाबाहेर काढल्यासारखं बघायचे. रामहरी साध्या शर्टात आले होते. पोरांपुढे खाकी नको, असा नियम. साध्या शर्टातले रामहरी म्हणजे झूल काढलेला पोळ्याचा बैल, ओळखूच येईनात. दार लावून घेतलं. कारकुनानं वाचलं, "विधिसंघर्षग्रस्त बालक..."

"एवढं लांब नाव तर खिल्लाराच्या खानदानालाबी नसतंय," आबा पुटपुटले. मग न विचारताच उठले आणि त्यांनी नातवाचा सौदा सुरू केला. "मॅडम, पोरगं लाखात एक हाय. अंगानं उभार, नजर साफ, खान्याला चोखंदळ न्हाई. खोड म्हनाल तर नावाला न्हाई."

"बाबा, बसा. पार्थ, तू सांग. पुडी तुझी होती?"

पार्थनं आबांकडे बघितलं. "न्हाई. दुसऱ्याची. मी फकस्त पोचवीत हुतो."

आबांना वाटलं, जिंकलं. पण वैजनाथ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रामहरींनी कपाळाला हात लावला. आणि कोपऱ्यात बसलेल्या परिवीक्षा अधिकारी रुपाली मॅडम ताडकन उठल्या. "मॅडम, पाच मिनिटं द्या मला." आबांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना व्हरांड्यात आणलं. आठवड्यापूर्वी याच रुपालीताई चौकशीला घरी येऊन बनुबाईंच्या हातचा चहा पिऊन गेल्या होत्या.

"काय करून बसलात, बाबा?"

"काय केलं? पोरगं निर्दोष हाय म्हनलं. मधल्याला दोष नसतो."

"बैलबाजारात नसेल. इथं सगळ्यात मोठा दोष मधल्याचाच! स्वतः ओढणारं पोर असलं, तर त्याच्या उपचाराचं बघता येतं. दुसऱ्याला पोचवणारा म्हणजे धंद्यातला माणूस. आजारी नातवाला तुम्ही दलाल करून टाकलंत, बाबा."

आबांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांना कुणी असं पाडलं नव्हतं. मला त्यांनी मुठीत इतकं पिळलं की धुतानाही कुणी कधी पिळलं नसेल.

"आजींनी मला सगळं सांगितलंय. मी अहवालात लिहिलंयही," रुपालीताई म्हणाल्या. "पण पोराच्या तोंडून निघालं ते वेगळंच. आता विश्वास कुणावर ठेवायचा?"

"खोड सांगितली, तर आत टाकत्याल."

"तुम्ही खोड लपवलेला बैल मोडतो ना शेवटी? कुणाच्या तरी शेतात, भर पेरणीत? मग?"

दोन-तीन वेळा आबांनी मला खांद्यावर टाकलं, परत काढलं. मग आत गेले.

"मॅडम," ते उभ्या उभ्याच म्हणाले, "चाळीस वरसांत मी कुनाला जनावराची खोड सांगितली न्हाई. आज सांगतो. माझ्या नातवाला खोड हाय. गांजा वढतो. आत्ता बोलला त्ये खोटं त्याचं न्हाई, माझं हाय. मी पढवलेलं. शिक्षा करायची तर खोटं बोलल्याची मला करा."

वैजनाथ सर म्हणाले, "म्हणजे सोडून द्या, असं का? आज एकाला सोडलं की उद्या धक्क्यावर दहा बसतात. आम्ही बघतो ना रोज."

"सोडा म्हनत न्हाई, सर. सोडलेला गोऱ्हाबी बिघडतो. जुवाला लावा. पन खोडीच्या गोऱ्ह्यासंगं खोडीचाच जुंपत न्हाईत. त्याच्या जोडीला जानता बैल देत्यात."

"जाणता बैल कोण?" दिशा मॅडमनी विचारलं.

आबांनी खोलीभर बघितलं. "मीच की."

"तोंडात काय आहे?"

आता आली का पंचाईत! सकाळपासूनची तंबाखूची गोळी गालात होती. आबांनी ती गिळावी की थुंकावी, कळेना. "ही... ही सवय हाय, मॅडम."

"हं. तुमची ती सवय आणि त्याची ती खोड."

रामहरी हसले. मॅडमनी मान वळवली. "रामहरी, धक्क्यावर दर वेळी पोरंच कशी सापडतात? पुडी देणारा कसा नाही सापडत?" रामहरींचं हसू गेलं. उत्तर माझ्या लाल काठावर लिहिलेलं असावं, असे ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मॅडमनी खुर्ची जरा पुढे ओढली. "पार्थ, आता तू. कुणी पढवलेलं नको."

पोरगं जमिनीकडे बघत म्हणालं, "दोनदा सोडून बघितली, मॅडम. नाय सुटत. रात्री झोप येत न्हाई, हात कापत्यात. आजीला दिसू नये म्हनून गोधडीत घालून झोपतो."

चष्मा पुसायला वैजनाथ सरांना एकाएकी खूप वेळ लागला.

आबा पुढे झाले. त्यांनी मला उजव्या हातावर पसरलं आणि तो हात सरळ मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर धरला. रामहरी ओरडलेच, "अवो आबा! लाच देताय काय भर मंडळात?"

"लाच न्हाई वं! मॅडम, किती म्हैने, त्ये बोटानं सांगा. चारचौघांत नको. पोराच्या अब्रूची गोष्ट हाय."

मॅडमनी बंद दाराकडे बोट केलं. "दार कशासाठी लावलंय, बाबा? यातलं याचं नाव कुठं छापून येणार नाही, शाळेला कळणार नाही. आमचा कायदासुद्धा रुमालाखालीच चालतो." एवढं म्हणून त्यांनी आपला हात माझ्याखाली घातला. आबांनी एक बोट दाबलं. मॅडमनी सहा. आबा दोनवर आले. मॅडम सहावरच. आबा तीन. मॅडमची बोटं तसूभर हलेनात. असली घट्ट बोटं मी बाजारातल्या हेड्यांची, म्हणजे मुरलेल्या जनावर-व्यापाऱ्यांचीसुद्धा बघितली नव्हती. शेवटी सहावर ठरलं.

सहा महिने. आत नाही, घरीच. दर आठवड्याला जिल्हा रुग्णालयात समुपदेशन आणि औषधं, दर आठवड्याला रुपालीताईंपुढे हजेरी, शाळा चालू. आणि बाजाराच्या दिवशी सकाळी जनावरांच्या पाण्याचा हौद घासून लख्ख करायचा, सगळा. तंबाखूबद्दल हुकुमात काही नव्हतं. पण बाहेर आल्यावर आबांनी गालातली गोळी व्हरांड्याच्या कडेला थुंकली. (तिथं 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती. सुधारणेची सुरुवात अशी नियम मोडूनच झाली.)

व्हरांड्यातल्या बाकावर आबांनी पार्थचा हात माझ्याखाली घेतला. "आता आपला सौदा. किती दम धरशील, बोटानं सांग." पार्थनं अख्खा पंजा दाबला. पाच! पाच वर्षं! आबांची छाती फुगली. आणि त्या दिवसापासून पोरानं पुडीकडे ढुंकून बघितलं नाही. सगळं गोड झालं. मला धुवा, घडी घाला, गोष्ट संपली.

थांबा. शपथ घेतली होती ना मी? साडेतीन टोकांची का होईना.

दिशा मॅडमचा हात माझ्याखाली आलाच नव्हता. मॅजिस्ट्रेट बाई दलालाच्या रुमालाखाली कशाला हात घालतील? कायदा रुमालाखाली चालतो, असं त्या म्हणाल्या, ते खरं. मग हसल्या, "आवरा तो, बाबा" म्हणाल्या आणि सहा महिने त्यांनी आपल्या पेनानं लिहिले. त्यांची बोटं घट्ट होती, हे मी मनानं जोडलं. सौदा न होता माघारी जाणं माझ्या जातीला शोभत नाही.

पंजाचंही खोटं. व्हरांड्यात पार्थनं एकच बोट दाबलं. बाजारात असं एक बोट आलं, तर दलाल लगेच विचारतो, एक म्हणजे काय? शंभर की हजार? आबांनी विचारलं नाही. एक वर्ष की एक महिना की एक दिवस, काही नाही. नुसतं म्हणाले, "ठरलं." तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ते मला पार्थच्या हातावर टाकतात आणि खालून एक बोट येतं. आजचा दिवस, एवढाच त्याचा अर्थ.

चौतिसाव्या सकाळी बोट आलं नाही. आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन आला होता. आबांना ते झाकता आलं असतं. झाकायला मी होतोच की, माझा धंदाच तो. पण त्यांनी मला गळ्यात टाकलं आणि त्याला घेऊन पहिल्या एसटीनं रुपालीताईंकडे गेले. "ताई, खोड पुन्हा वर आली," दारातूनच म्हणाले. ताईंनी दोघांना मंडळापुढे नेलं. वैजनाथ सर "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाले. दिशा मॅडमनी पोराला आत पाठवलं नाही. आठवड्याची एक फेरी होती, तिथं दोन केल्या. आबांनीही त्या दिवशी कबूल केलं, की मधे तीन वेळा तंबाखू खाल्ली. पस्तिसाव्या सकाळी दोघांनीही बोट दाबलं. आता माझ्याखाली दोन बोटं येतात.

आणि ती कालवड. बिचारीवर उगाच आळ घेतला मी. माझं टोक धक्क्याच्या खिळ्याला गेलं. रामहरी आले तेव्हा पार्थ उडी मारून सुटत होता आणि मी खिळ्यात अडकलो. जुना, मळकट, किंमत निरंक. त्या हिसक्यानं टरकन फाटलो असतो, तर पोरगं त्या तिघांच्या मागं पळून गेलं असतं. मी लगेच फाटलो नाही. गळ्याला काच बसून पोरगं तिथंच थांबलं. हवालदाराचा हात खांद्यावर पडला, तेव्हा सोडलं मी ते टोक. यंत्रमागाच्या सुतात एवढी ताकद कुठली, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

आता मी विरलोय. बाजारात आबांनी नवा रुमाल घेतलाय, पातळ आणि दिखाऊ. मी घरी खुंटीवर असतो, सकाळच्या एका कामापुरता. तुमच्याकडे एवढंच मागणं. तुमच्या गावच्या धक्क्यावर एखादं पोरगं सापडलं, तर आधी त्याची खोड विचारा, कोंडवाड्याचं मग बघू. आणि मला गरम पाण्यात धुऊ नका. काठ जातात.

आज सकाळचं? एकशे बारावी सकाळ. दोन्ही बोटं आली. हे मी कुठल्याच टोकाची शपथ न घेता सांगतो.